पाचवं कात्रण

१ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

रोजनिशी सुरू. एकतीस तारखेला मी निवृत्त होतो. मोठी माणसं गेल्यावर त्यांच्या रोजनिशा सापडतात. सापडायच्या तर आधी लिहाव्या लागतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या आलं.

रोज लिहीन. खरं तेच लिहीन. आणि महिनाअखेरीपर्यंत स्वतःचं पाकीट मिळवीन.

बायकोने विचारलं, काय लिहिताय. म्हटलं, आत्मपरीक्षण. म्हणाली, मग लवकर आटपेल, जाताना कचरा खाली न्या.

रात्री ८

पाकिटाचं नीट लिहून ठेवतो. मी वर्तमानपत्राच्या संदर्भ विभागाचा प्रमुख. विभागात आम्ही दोघं. मी बातमीवर खूण करतो, कात्रीबाई कापतात. ज्याचं नाव छापून येतं त्याचं कात्रण जातं त्याच्या आडनावाच्या समाईक पाकिटात. एकाच माणसाची पाच कात्रणं झाली, की त्याला स्वतंत्र पाकीट. वर पूर्ण नाव, टाइप केलेलं. हा नियम मीच केला, एकोणीस वर्षांपूर्वी, आणि एकदाही मोडू दिला नाही. एक कवी चार कात्रणांवर वारला. त्याची बायको येऊन बसली होती. नियम म्हणजे नियम, असं सांगितलं. चहा मात्र पाजला.

आता एप्रिलपासून सगळं स्कॅन होणार आहे. फक्त स्वतंत्र पाकिटं. समाईक पाकिटं जाणार तळघरात. म्हणजे पाकीट नाही तो माणूस झालाच नाही.

आमच्या आडनावाची स्वतंत्र पाकिटं दहा आहेत. एक न्यायमूर्ती, एक मंत्री, एक गायिका, एक हृदयाचे सर्जन, एक पूल बांधणारे, असे सगळे आमचेच लोक. बायको म्हणते त्यांच्याशी आपलं काही नातं नाही. रक्ताचं नाही, मान्य. पण दहा-दहा माणसं एका आडनावात उगीच मोठी होत नाहीत. काहीतरी असतं. ते माझ्यातही आहे.

(अकरावं पाकीट त्या बोगस डॉक्टरचं होतं. अकरा वर्षं डिग्रीशिवाय लोकांचे दात काढत होता. ते मी मागेच ‘दंतवैद्यक’ विषयात हलवलं. आडनाव सारखं असलं म्हणून कोणी आपलं होत नाही.)

३ मार्च, बुधवार

माझी चार कात्रणं आहेत. फुटपाथबद्दलचं वाचकपत्र. छत्री हरवल्याची छोटी जाहिरात. रक्तदात्यांच्या यादीत अठ्ठेचाळिसावं नाव. आणि पुलाच्या उद्घाटनाचा फोटो. आमचे मंत्री फीत कापताहेत, त्यांच्या खांद्यामागे जो डावा कान दिसतो तो माझा. लाल शाईने बाण केला आहे.

कात्रीबाई म्हणाल्या, साहेब, ही तीनच झाली. फोटोखाली नाव कुठंय तुमचं? म्हटलं, कान ओळखू येतो. म्हणाल्या, कोणाला?

बाईंना इतिहासाची दृष्टी नाही. एप्रिलपासून विभाग त्यांच्याकडे जाणार. काळजी वाटते. विभागाची.

काल लिहायचं राहिलं. दात दुखत होता.

६ मार्च, शनिवार

मार्ग सापडला. रविवारच्या पुरवणीसाठी लेख: ‘एकच आडनाव, अकरा नामवंत’. दहा ते, अकरावा मी. स्वतःबद्दल स्वतः लिहिणं बरं दिसत नाही, म्हणून तृतीयपुरुषी लिहिलं. ‘प्रसिद्धीच्या झोतापासून दूर राहून ज्यांनी अवघ्या शहराची स्मृती जपली’ वगैरे. हात अडखळला नाही. खरं असलं की शैली आपोआप येते.

न्यायमूर्तींवर दोन ओळी, माझ्यावर सव्वीस. त्यांच्याबद्दल लोकांना माहीतच आहे.

९ मार्च, मंगळवार

स्टुडिओत जाऊन फोटो काढला. फोटोग्राफर म्हणाला, जरा हसा. म्हटलं, आमच्यातले हसत नाहीत. फोटो भारदस्त आला.

फोटोंची आमच्याकडे आडनावाला एकच पेटी असते, आणि प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने पूर्ण नाव लिहावं लागतं. हाही माझाच नियम. माझा फोटो आमच्या पेटीत ठेवला. मागे फक्त आडनाव लिहिलं. मोठ्या माणसाला पूर्ण नाव लागत नाही.

न्यायमूर्तींचा फोटो घरी आणला आहे. रजिस्टरात नोंद केली नाही. नोंद बाहेरच्यांसाठी असते. आरशाला टेकवून ठेवला आणि शेजारी उभा राहिलो. नाक! डिट्टो नाक. बायकोला बोलावून दाखवलं. खूप वेळ बघून म्हणाली, नाक दोघांनाही आहे, एवढं खरं.

१४ मार्च, रविवार. सकाळी ६.३०

लेख आला!

६.३४

पान भरत आलं की लेख खालून कापतात. एकतीस वर्षं हे मला माहीत आहे. बातमी असो, लेख असो, कात्री शेपटाकडून. मी शेवटी होतो.

माझ्या सव्वीस ओळींच्या जागी गाद्यांची जाहिरात आहे. लेखकाचं नावही तळाला होतं, तेही गेलं. शीर्षकात मात्र अकरा नामवंत तसेच. आत दहा.

बायकोने मोजले. दोनदा. मग म्हणाली, अकरावी गादी असेल.

१८ मार्च, गुरुवार

निराश व्हायचं कारण नाही. उलट! आजच्या अंकात तीन वाचकांची पत्रं छापून आली आहेत: अकरावा नामवंत कोण? जनतेतून मागणी आहे. संपादकांना म्हटलं, खुलासा छापू या, मजकूर तयार आहे, सव्वीस ओळी.

संपादक म्हणाले, पत्रं पूर्ण वाचलीत का?

वाचली. तिघांनीही विचारलं आहे की तो दात काढणारा का वगळला. एकाने तर लिहिलंय, माझी दाढ त्यांनीच काढली, पुन्हा कधी दुखली नाही.

कात्रीबाई म्हणाल्या, बघा साहेब, आता त्याची आठ झाली.

२१ मार्च, रविवार

दहा दिवस उरले. शांत आहे. बरेच जण शेवटच्या आठवड्यात मोठे झाले आहेत. न्यायमूर्तींचा फोटो अजून आरशापाशीच आहे, उद्या नक्की परत नेतो.

२२ मार्च, सोमवार

विसरलो.

२३ मार्च, मंगळवार. सकाळी ६.४०

पहिल्या पानावर मी.

फोटो. दोन कॉलम. भारदस्त. वर आमचं आडनाव, मोठ्या टाइपात. त्यापुढे: कालवश.

६.४५

मजकूर वाचला. काल संध्याकाळी, मी घरी निघाल्यावर, न्यायमूर्ती गेले. एक्याण्णव वर्षांचे होते. वृत्तसंपादकांनी पेटी उघडली. न्यायमूर्तींचा फोटो माझ्या आरशापाशी. पेटीतल्या बाकीच्या फोटोंवर पूर्ण नावं. एकावर फक्त आडनाव.

नियम किती बरोबर होता माझा!

बायकोने पेपर पाहिला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अहो, एकही काम आपलं आपण केलं नाहीत कधी. गेलात, तेही दुसऱ्याच्या नावावर.

दुपारी १

रजा टाकली. सकाळपासून रांग. कोणीही शीर्षक आणि फोटो यापुढे वाचत नाही, हे या धंद्यात राहूनही मला आज कळलं. खालचे शिंपीदादा पडलेला चेहरा घेऊन आले आणि दार मीच उघडलं. आधी भिंत धरली. मग संतापले. म्हणाले, न्यायमूर्ती होतात तुम्ही, आणि माझ्याकडून पायजम्यात नाडी फुकट ओवून नेत होतात? पुढे म्हणाले, पण एक्याण्णव वाटत नाही हो तुम्ही. फार तर ऐंशी.

मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

समोरच्या काकू बायकोला म्हणाल्या, एवढा मोठा माणूस, आणि कचरा स्वतः खाली न्यायचा! कधी चढेलपणा नाही. बायको म्हणाली, मी दिलाच नाही चढू.

थोरल्या बहिणीचा फोन. आधी रडली. आवाज ऐकून किंचाळली. मग म्हणाली, मेल्या, जिवंत आहेस तर फोन का नाही केलास?

कबूल करतो, दिवस चांगला गेला.

२४ मार्च, बुधवार

वृत्तसंपादकांनी तासभर झापलं. फोटो घरी कसा गेला, नोंद का नाही, पूर्ण नाव का नाही. उत्तरं होती, पण त्यांना प्रश्नच विचारायचे होते. म्हणाले, आठवडा राहिलाय म्हणून सोडतो.

न्यायमूर्तींच्या मुलीचा फोनही आला होता. बाबांना मिशा नव्हत्या, एवढंच म्हणाली.

पण मुद्दा असा: उद्या चूकदुरुस्ती छापणार! त्यात ज्याचा फोटो छापला त्याचं नाव आलंच पाहिजे. म्हणजे पाचवं कात्रण. पहिल्या पानावर. बसून तीन मसुदे केले. तिसरा उत्तम साधला. ‘सदर छायाचित्र याच आडनावाचे दुसरे नामवंत’ असा सुरू होतो.

माझं नाव पहिल्याच ओळीत घातलं आहे. खालून कितीही कापू देत. शिकलो मी.

२५ मार्च, गुरुवार. सकाळी ६.३०

छापलं.

‘कै. न्यायमूर्तींच्या निधनवृत्तासोबत अनवधानाने एका असंबंधित व्यक्तीचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दिलगीर आहोत.’

एका. असंबंधित. व्यक्तीचे.

दुपारी

वृत्तसंपादकांना जाब विचारला. म्हणाले, नाव मी घालणारच होतो, तुमच्यावर राग होताच. पण न्यायमूर्तींची मुलगी म्हणाली, त्या बिचाऱ्याचं नाव नका छापू हो, उगाच चारचौघांत लाजेल.

लोकांना दुसऱ्याच्या मनाचा विचार करायची फार वाईट खोड असते.

२९ मार्च, सोमवार

कात्रीबाईंशी मोकळेपणाने बोललो. म्हटलं, चूकदुरुस्तीतली ती व्यक्ती मीच, हे साऱ्या शहराला माहीत आहे. घाला पाचवं, करा पाकीट, दोन दिवस राहिलेत. बाईंनी कात्री खाली ठेवली. म्हणाल्या, साहेब, त्या कवीची बायको आली होती तेव्हा चहा मीच आणला होता.

मग विचारलं, चूकदुरुस्तीचं कात्रण कुठे लावलंत? ‘चुका, किरकोळ’मध्ये, म्हणाल्या.

किरकोळ हा शब्द जास्त लागला.

न्यायमूर्तींचा फोटो परत नेला. रजिस्टरात नोंद केली. आरसा आता मोकळा मोकळा दिसतो.

३१ मार्च, बुधवार. रात्री ९

निरोप समारंभ झाला. संपादक चार मिनिटं बोलले, त्यातली तीन छपाईच्या नव्या यंत्राबद्दल. वृत्तसंपादकांनी हात मिळवला, म्हणाले, आता जपून राहा, पुढच्या वेळी आम्ही खात्री करूनच छापू.

सगळे पांगल्यावर कात्रीबाई आल्या आणि हातात एक पाकीट दिलं. खाकी. आमच्या विभागाचं. वर टाइप केलेलं माझं पूर्ण नाव.

मी तिथेच उघडायला लागलो. बाई म्हणाल्या, घरी जाऊन उघडा.

रस्ताभर ते छातीशी धरलं होतं. जिन्यात शिंपीदादा भेटले, त्यांना दाखवलं. म्हणाले, छान, आडनाव तर न्यायमूर्तींचंच आहे. बायकोला दाखवलं. तिने नाव बोट फिरवून वाचलं, म्हणाली, स्पेलिंग बरोबर आहे. तिच्याकडून हे पुष्कळ झालं.

मग उघडलं.

फुटपाथ. छत्री. रक्तदाते. कान. सोबत चिठ्ठी: ‘नियमात बसत नाहीत, म्हणून साभार परत.’ आणि माझा फोटो. मागे जिथे मी नुसतं आडनाव लिहिलं होतं, तिथे आता पेन्सिलीने पूर्ण नाव आहे. त्याखाली लाल अक्षरांत: ‘छापू नये.’

बाईंचं अक्षर सुरेख आहे. कधी लक्ष गेलं नव्हतं.

उद्यापासून सकाळी कचरा न्यायला घाई नाही.