बिस्किटाच्या डब्यातले होज

राजापेठ, अमरावती
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही हो-हो म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते.

तुमच्या गॅरेजात येणाऱ्या कमलाकांत वकिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे पुढचे ब्रेक पाय काढला तरी सुटत नाहीत. ब्रेकचं तेल नेणाऱ्या नळ्यांचं, होजचं रबर आतून फुगलं असणार. तेल चाकाकडे जातं, पण परत येत नाही. होज बदलायलाच हवेत. त्यांचा मुलगा केदार स्टीलच्या जाळीचे घ्या म्हणतो. ते वाईट नाहीत. पण गाडी शर्यतीत नाही, अकोटच्या रस्त्यावर धावते, आणि जाळीखालचं रबर तुम्हाला हाताने तपासता येणार नाही. साधे रबरी घ्या, पण नवे.

नवे म्हणजे तुमच्या बिस्किटाच्या डब्यातले नव्हेत. दिवाळीत पावडर लावून जपलेले ते होज तुम्ही वकीलसाहेबांना दाखवत होतात, तेव्हा मी त्यांच्यावरचं साल वाचलं. २००१. बाबा, रबर न वापरताही म्हातारं होतं. त्या दिवशी तुमचा चेहरा इतका फुलला होता, की मी गप्प बसले. आता त्या गप्प बसण्याचीच भीती वाटते. एक होज वाकवून बघा.

आईला नमस्कार. लोभ आहे तसाच राहावा, या पत्रानंतरही.

आपली,
अपेक्षा

अकोला
२० जानेवारी २०२५

चि. अपेक्षास अ. उ. आ.

तुहं पत्र भेटलं. पयले राग आला. घरात पयली डिग्री काय घेतली, बापालेच शिकवून राहिली, असं तुह्या मायले म्हनलं. ती म्हने, मंग कावून शिकवलं तिले?

मंग डबा काढला. होज वाकवला, त बारीक बारीक चिरा. त्यातलाच एक मी आदल्या दिवशी डाव्या चाकाले बसवला होता. वकीलसाहेब रविवारी नातीले, देवश्रीले घेऊन अकोटले जानार होते. मीच फोन केला. गाडी हलवू नका, चूक माही हाय, असं सांगितलं. तो होज काढून टाकला.

आकडे मले वाचता येत होते, पोरी. चोवीस वर्सं वाचले नाही.

नवे मागवले, रबरीच. पार्सल आलं हाय, फोडलं नाही. रविवारी ये. साल तू वाच, पाना मी फिरवतो.

माया हायच, तुहीबी असू दे.

तुहा बाप,
सूर्यभान