निळ्या पट्ट्यातला ठिपका

बोरगाव मेघे, वर्धा
३ मे २०२५

चि. काजल हिला,
अ. उ. आ. आणि जय भीम.

शाळेच्या वसतिगृहात दर रविवारी सिस्टर आमच्याकडून घरी पत्र लिहून घ्यायच्या, ती सवय या वयातही सुटत नाही. हे पत्र तुझ्या बॅगेत ठेवते आहे. तूही मला कागदावरच लिही. फोटो काढून फोनवर पाठवलास तरी चालेल, पण अक्षर तुझं हवं. टाइप केलेल्या मजकुरात तू हसते आहेस की रडते आहेस, ते मला कळत नाही.

बुद्धपौर्णिमेला लुंबिनीला चाललीस याचा आनंद आहे. त्यापुढे मोटारसायकलवर एकटीने डोंगरात जोमसोमपर्यंत जायचं म्हणतेस, त्याची भीती वाटते. गॅरेजवाला धीरज सांगत होता की मोटारसायकलसाठी जीपीएसचं वेगळं यंत्र मिळतं, पण महाग असतं आणि परदेशाचा नकाशा पुन्हा वेगळा विकत घ्यावा लागतो. मी घेऊन देते म्हटलं तर हसलीस, आणि जुन्या फोनमध्ये फुकटचा नकाशा घालून तो हँडलला अडकवलास. असू दे.

एक मात्र ऐक. तुझे चिंधू आजोबा नाल्यात बंडी घालण्याआधी स्वतः उतरायचे, तुतारीने, म्हणजे बैल हाकायच्या काठीने, तळ चाचपत पलीकडे जायचे, मग बैलांना हाक मारायचे. तुझे बाबा उतरले नाहीत. रपट्यावरून, नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं, कडेचे चुना फासलेले धोंडे बुडाले होते, तरी रस्ता पाठ आहे म्हणाले आणि गाडी घातली. गाडी संध्याकाळी सापडली, ते दुसऱ्या दिवशी. तू सातवीत होतीस.

पाणी दिसलं की आधी पाय, मग चाक.

माझा लोभ सोबत ने, घरी विसरू नकोस.
तुझी आई

लुंबिनी
१३ मे

ती. आईस,
शि. सा. न. आणि जय भीम.

अक्षर बघ, हसते आहे. काल पिंपळाखाली बसून वंदना म्हटली, तुझ्या वाट्याची मेणबत्ती लावली. परभणीकडच्या एक काकू मी वर्ध्याची म्हटल्यावर गळ्यातच पडल्या आणि डबाभर ठेचा देऊन गेल्या.

तुझ्या वैऱ्याने, म्हणजे फुकटच्या नकाशाने, मला सरहद्दीवरच्या सोनौलीपासून इथवर न चुकवता आणलं. सगळं नेपाळ घरीच उतरवून घेतलं होतं, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही. आपल्यासारखीच माणसं आपापल्या गावच्या वाटा त्यात भरतात. चूक दिसली तर कुणीही दुरुस्त करायची. तोच नकाशा तुझ्या फोनवर आहे, आणि रेंज असेल तिथून माझा ठिपका त्यावर तुला दिसेल. मात्र दिवसभर त्याच्याकडे बघत बसू नकोस, भाजी करपवशील.

करपलेल्या भाजीसकट तुझ्यावर लोभ असलेली,
काजल

बोरगाव मेघे
१८ मे

चि. काजल,
अ. उ. आ.

तुझा ठिपका काल दुपारपासून नदीत आहे. काठावर नाही, पुलावर नाही, निळ्या पट्ट्याच्या मधोमध. तो हलत नाही आणि तुझा फोन बंद आहे.

अश्विनकाका म्हणतात की वहिनी, बॅटरी संपली असेल, उगाच घाबरू नका. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तुझ्या बाबांना शोधायला त्या नाल्यात तेच उतरले होते. शेजारच्या कमलाबाई येऊन विचारून गेल्या की पोरीले एकटीले एवढ्या दूर काऊन जाऊ देलं. मग त्यांनाच वाईट वाटलं आणि म्हणाल्या की रडून नका राहू, तुमची पोरगी काही भोळी नाई, येईन बराबर. भाकरी ठेवून गेल्या. ती तशीच झाकलेली आहे.

बोटाने नकाशा सरकवत मी समुद्रपूरकडच्या आपल्या शेतापर्यंत आले. आपला रपटा सापडला. पांढरी सरळ रेघ. धोंडे नाहीत, श्रावण नाही, पाणी नाही. कुणी परका असेल तर भर पुरात बिनधास्त गाडी घालेल. तुलाही तिथे अशीच रेघ दिसली का गं?

पत्र कुठे पाठवू? तुझ्या बंद फोनवरच पाठवते. रागावणार नाही. कसल्याही अक्षरात लिही, पण लिही.

तुझी आई

जोमसोमच्या अलीकडचं एक गाव
१९ मे

ती. आईस,
शि. सा. न.

मी आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय, सगळं जागेवर आहे. हा फोटो मी उतरले आहे त्या घरमालकीणबाईंच्या फोनवरून पाठवते आहे, दोन दिवस इथे रेंजच नव्हती. तुझं कालचं पत्र त्यांच्याच फोनवर माझं खातं उघडून वाचलं आणि भाकरीपाशी आल्यावर रडले.

वरचा रस्ता दरड कोसळून बंद होता. नकाशाने नदीच्या पात्रातली वाट दाखवली. ती खोटी नव्हती. सकाळी पाणी कमी असतं, तेव्हा सगळे तिथूनच जातात. दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं, हे नकाशात नव्हतं. चाकांच्या खुणा पाण्यात शिरत होत्या आणि पलीकडे बाहेर निघालेल्या दिसत होत्या. मी गिअर टाकलाही होता.

मग गाडी स्टँडवर लावली. फोन खिशात घातला, तंबूची काठी घेतली आणि पायी उतरले. आधी घोट्याएवढं, मग गुडघ्याएवढं, आणि मध्यावर काठी टेकलीच नाही. पाय निसटला. काठी वाहून गेली, फोन भिजून गेला. खेचरं घेऊन आलेल्या एका बाईने ओरडत दोर फेकला, तो धरून काठावर आले. गाडी अजून स्टँडवर कोरडी उभी आहे.

आई, मी फार घाबरले. बाबांना त्या दिवशी काय दिसलं असेल ते मला कळलं. पाणी अगदी रस्त्यासारखं दिसतं.

मला ओरड, पण लोभ कमी करू नकोस.
काजल

बोरगाव मेघे
२१ मे

चि. काजल,
अ. उ. आ. आणि जय भीम.

तो ठिपका तुझ्या गाडीचा नव्हता, तुझ्या पायांचा होता. मी त्याच्याकडे बघून रडत होते, आणि तू माझंच ऐकत होतीस. आजोबा काठावर दोर बांधून मगच उतरायचे, ते सांगायचं माझ्याकडून राहिलं. माझ्या शब्दावर तू बिनदोराची उतरलीस, या विचाराने हे पत्र दोनदा फाडून पुन्हा लिहिलं. आता पाणी दिसलं की पायसुद्धा नको. वरचा रस्ता उघडेपर्यंत तिथेच राहा.

काल जागृतीला, अश्विनकाकांच्या मुलीला, बोलावून घेतलं. ती म्हणाली की काकू, नकाशात आपल्यालाही लिहिता येतं, सोपं आहे. आपल्या रपट्यावर बोट ठेवलं आणि मी लिहिलं: पावसाळ्यात पाण्याखाली. चुन्याचे धोंडे दिसले नाहीत तर थांबा. तुझ्या नदीवरही दुपारच्या पाण्याचं लिहायचं आहे. ते तू लिही, ते पाणी तू पाहिलं आहेस.

शेवटी नकाशाने लिहिणाऱ्याचं नाव मागितलं. मी तुझ्या बाबांचं लिहिलं, नागसेन.

लोभ आहेच, तो घ्यायला घरी ये.
तुझी आई