दहापैकी दोन

प्रिय रडूबाई,

तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. तुझी वहिनी आणि बाळ ठीक असतील. बाळ कोणावर गेलंय ते कळवू नकोस, पहिल्या महिन्यात सगळी बाळं आजोबांसारखीच दिसतात. इकडे सगळं जागच्या जागी आहे. स्वयंपाकघरातला नळ तू गेलीस त्याच दिवशी गळायचा थांबला, म्हणजे तो तुझ्यावरच रुसला होता. कुंड्यांना पाणी घालते आहे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका दिवसाआड येऊन मी जिवंत आहे ना ते बघतात आणि जाताना माझं वर्तमानपत्र घेऊन जातात. हे सगळं फोनवर सांगून झालंय, तरी पत्र लिहायला बसले. फोनवर मी जरा काही बोलायला लागले की तू 'बरं आई' म्हणतेस आणि विषय संपतो. पत्राला मध्येच 'बरं आई' म्हणता येत नाही.

आधी सिनेमांचं सांगते. रविवारी एकटीने एक नवा बघितला. तो इमारतींचे नकाशे काढणारा, ती लग्नांचे फोटो काढणारी. अडीच तासांत त्याने एक रेघ ओढली नाही आणि तिच्या कॅमेऱ्याचं झाकण शेवटपर्यंत निघालं नाही. हल्ली सिनेमात प्रेमात पडलेल्यांना कामं कशी नसतात, आणि नसली तर एवढी मोठी घरं कशी असतात, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. शेवटी तो विमानतळावर धावत गेलाच. दोघांच्या खिशात फोन आहेत, पण फोन करेल तर शपथ. चार मार्क दिले, तेही तिच्या आईचं काम करणाऱ्या बाईंकडे बघून. दुसरा बुधवारी बघितला, म्हातारा-म्हातारीचा. त्यात तो रोज सकाळी न बोलता तिचा चष्मा पुसून ठेवतो, बाकी काही घडत नाही. त्याला सात. तू असतीस तर पहिल्याच्या शेवटी, विमानतळावर तिने होकार दिल्यावर रुमाल भिजवला असतास. कुणी मेलं तर तुझ्या डोळ्यांत टिपूस नसतं, आणि कुणी कुणाला हो म्हटलं की तुझं सुरू. म्हणून तर रडूबाई. मी कॅलेंडरवर माझे मार्क लिहिले आणि शेजारची तुझी जागा मोकळी ठेवली.

ही मार्कांची खोड कशी लागली, आठवतं? आठवत असणारच, पण मला लिहावंसं वाटतंय. माझा मुलगा, तुझा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायला गेला आणि तिथल्या जिन्यावर बसल्या बसल्या गेला, चौतिसाव्या वर्षी. त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस माणसांची ये-जा होती. मग ती थांबली आणि पहिला रिकामा रविवार आला. टीव्ही कोणी लावला होता कोण जाणे. कुठलातरी प्रेमाचा सिनेमा चालू होता आणि बंद करायला आपण दोघीही उठलो नाही. तू सोफ्याच्या उजव्या टोकाला, मी डाव्या, मध्ये त्याची जागा. सिनेमा संपला तेव्हा काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, याला दहापैकी तीन. तू उठून टीव्ही बंद केलास. मग म्हणालीस, चार द्या, गाणी बरी होती. त्या आठवड्यात आपण एकमेकींशी बोललेलं तेवढंच. पुढच्या रविवारी मी मुद्दाम टीव्ही लावला.

तेव्हापासून सहा वर्षं. एक रविवार मी निवडायचं, एक तू. मी मोठी म्हणून मार्क आधी मी द्यायचे, मग तू. हा नियम कोणी केला आठवत नाही, पण मीच केला असणार. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. दुसऱ्याच्या चुकांवर लाल शाईने खूण करायची सवय निवृत्त झाले म्हणून जात नाही. सिनेमा बघताना तू बघायचीस आणि मी तपासायची.

आता कवळीचं. खालची कवळी उजवीकडे टोचत होती. दंतवैद्यांकडे द्या, ते आमच्या दातांच्या लॅबला पाठवतील, तुम्ही स्वतः लॅबवर जाऊ नका, असं तू बजावून गेली होतीस. मी गेले. दंतवैद्य आठवडाभर सुट्टीवर आणि मी पातळ खाऊन कंटाळलेली. तुझं ऐकलं नव्हतं, त्यामुळे तिथे तुझी सासू म्हणून ओळख दिली नाही, नाहीतर संध्याकाळपर्यंत तुला कळलं असतं. दंतवैद्यांची जुनी चिठ्ठी पुढे केली आणि बाकावर बसले. तुझं टेबल लगेच ओळखलं. दातांच्या रंगांच्या नमुन्यांची पट्टी, ओळीने मांडलेले बारीक कुंचले, आणि खुर्चीत आपल्या घरातली ती उशी, जिच्यापायी मी शिक्षिकांवर संशय घेतला होता. बघून बरं वाटलं. तू दिवसभर काय करतेस ते मी पहिल्यांदाच बघत होते.

कवळी घासून द्यायला दात भाजायची भट्टी सांभाळणारे भट्टीवाले आले. एके काळी तुझ्या तोंडी रोज त्यांचं नाव असायचं. आमचे भट्टीवाले असं म्हणाले, भट्टीवाल्यांनी आज तीन दात जाळले, भट्टीवाल्यांचा डबा मांजराने खाल्ला. मग ते एकदम थांबलं. मला वाटलं, नोकरी सोडली असेल त्यांनी. तसं नव्हतं, ते तिथेच होते. चाळिशी उलटलेला माणूस, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, चष्मा दोरीने गळ्यात. निळा कागद चावायला द्यायचा, डाग कुठे उमटतो ते बघायचं, तेवढंच घासायचं, धुऊन परत बसवायचं. असं पाच वेळा केलं, आणि प्रत्येक वेळी विचारलं की आता बरं वाटतंय का. भट्टीशेजारी अर्धवट भरलेलं खोकं होतं. कवळी तोंडात नसली तरी माझं तोंड काही गप्प बसत नाही. विचारलं, कुठे निघालात. म्हणाला, दुसऱ्या शहरात काम मिळालंय, तीस तारखेला जाणार. बायकोला पसंत आहे का जागा, म्हटलं. लग्न केलं नाही, म्हणाला. का, म्हटलं. म्हाताऱ्या बाईला असं विचारायची मुभा असते.

तो घासत घासतच बोलला. इथल्याच एकीला दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं. तिने चार दिवस मागून घेतले आणि चौथ्या दिवशी नाही म्हणाली. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, आमच्या घरी अशा बाईला दहापैकी दोन मार्क मिळतात. एवढं सांगून तो जरासा हसला आणि मला म्हणाला, आजी, याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, तुम्हाला काही लागतो का. मी नकारार्थी मान हलवली. त्याने कवळी बसवली. ती इतकी नीट बसली की तक्रारीला जागाच उरली नाही. घरी आले आणि दार लावून किती वेळ तशीच उभी राहिले.

अगं, अर्थ मला लागायला एक क्षणही लागला नव्हता. सहा वर्षांत दोन मार्क मी एकदाच दिले आहेत. रोपवाटिका चालवणाऱ्या बाईचा सिनेमा. तिचा नवरा समुद्रात बुडतो, आणि अकराव्या महिन्यात ती गुरांच्या डॉक्टरबरोबर हसताना दिसते. तू कॅलेंडरपाशी पेन घेऊन उभी होतीस. मी म्हणाले, लिही, दोन. अकरा महिन्यांत विसरली. हिला नवरा होता की भाड्याची खोली? वाक्य छान जमलं म्हणून मी स्वतःच हसले होते. तू माझे दोन लिहिलेस, पेन खाली ठेवलंस आणि चहा ठेवते म्हणालीस.

जुनी कॅलेंडरं मी कपाटाच्या फळ्यांवर अंथरते, तुला माहीत आहे. परवा सगळे डबे खाली काढले आणि सहा वर्षांचे रविवार जमिनीवर पसरून बघत बसले. माझे सहा तर तुझे सात. माझे चार तर तुझे चार. माझ्यापासून एका मार्कापेक्षा लांब तू कधी गेलीच नाहीस. शेजारच्या दाताचा रंग बघून तू नवा दात रंगवतेस, तसेच मार्कही देत आलीस, आणि आपल्या दोघींची आवड किती जुळते म्हणून मी शिक्षिकांना कौतुकाने सांगत होते. तुझी एकच जागा रिकामी आहे. माझ्या दोनच्या शेजारची. आणि त्या चौकोनापाशी मला आणखी एक गोष्ट आठवली. तो रविवार निवडायचा माझा होता. सकाळी तू म्हणाली होतीस, आई, आज मी निवडू का. असं तू त्याआधी कधी मागितलं नव्हतंस, आणि नंतरही नाही. तू मला विचारत होतीस, रडूबाई. तोंडाने विचारवेना म्हणून सिनेमा लावून विचारत होतीस, आणि मी उत्तर दिलं.

काल दुपारी तो सिनेमा पुन्हा लावला. त्या वेळी निम्मा मी बघितलाच नव्हता. त्या डॉक्टरच्या अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट होता, तुझ्या नवऱ्याकडे होता अगदी तसा, आणि तो दिसल्यापासून मी पडद्याऐवजी खिडकीकडे बघत होते. काल नीट बघितला. ती बाई दाराजवळचे नवऱ्याचे बूट उचलते, आतल्या कपाटापर्यंत नेते आणि परत दाराशी आणून ठेवते. पूर्ण सिनेमात तीन वेळा. चौथ्या वेळी ते कपाटात ठेवते आणि जमिनीवर बसून राहते, मग हात धुऊन कामाला जाते. ती विसरली नव्हती. तपासनीस म्हणवणाऱ्या मला बूट दिसले नाहीत, हसणं तेवढं दिसलं.

खरं सांगायचं तर मला त्या बाईचा राग आलाच नव्हता. मला भीती वाटली होती. मुलगा गेल्यावर त्याला माझ्याइतकं ओळखणारं एकच माणूस या घरात उरलं होतं. ते दुसऱ्या कुणाबरोबर हसायला लागलं तर मी त्याच्याबद्दल कुणाशी बोलू, आणि रविवारी कुणाशेजारी बसू, ही भीती. मुलाच्या नावाखाली मी स्वतःची सोय बघितली. तू कधी शब्दाने बोलली नाहीस, रोज तितक्याच मायेने मला गोळ्या काढून दिल्यास, आणि मी ते सुख म्हणून घेत राहिले. याची मला फार लाज वाटते. तुझ्या वयाची दोन वर्षं गेली, ती मला परत आणून देता येत नाहीत.

मी त्या भट्टीवाल्याला काही सांगितलेलं नाही. कवळी टोचत नसताना पुन्हा लॅबवर जायचा मोह झाला होता, पण चप्पल घालून परत काढली. ते काम माझं नाही, आणि तुझ्या आयुष्यात मी पुरेशा खुणा करून ठेवल्या आहेत. तुला तो आवडत होता का, अजून आवडतो का, मला ठाऊक नाही, आणि हे पत्र तुला ते विचारण्यासाठी नाही. तू वीस तारखेला येशील, तो तीसला जाणार. मध्ये दहा दिवस आहेत, विमानतळावर धावायची वेळ येणार नाही. नकारच द्यायचा असेल तर खुशाल दे, पण या वेळी तो तुझा असू दे, माझा नको. होकार दिलास तर मला एकटीला जड जाईल, खोटं कशाला बोलू, पण ते माझं मी सांभाळीन. त्या चौकोनातले माझे दोन मी खोडले आहेत. त्यांच्या जागी दुसरे लिहिलेले नाहीत. तू आल्यावर तो सिनेमा आपण पुन्हा लावू, आणि या घरात यापुढे मार्क आधी तू द्यायचेस.

तुझीच,
सोफ्याच्या डाव्या टोकावरची
आई