तिवराच्या पानांवरची भुरी

कोरीट, मंगळवार. दिवाळीला आठवडा उरला.

आज पुन्हा डोकं फिरलं. माझ्याच वर्गातल्या, आता नर्सिंगसाठी कोकणात गेलेल्या मनीषानं खाडीकाठून आणून दिलेलं तिवराचं, म्हणजे खारफुटीचं, रोप मी उन्हाळ्यापासून जपतोय. बादलीत चिखल, त्यावर मूठभर मीठ घातलेलं पाणी. मिठावर झाड वाढवतोय म्हणून गाव हसतं ते वेगळंच. सकाळी पाहतो तर पानांवर पांढरी पूड! आमच्या मिरचीवर भुरीचा रोग पडतो तो असाच दिसतो. तसाच मनीषाला फोन लावला आणि म्हणालो, रोगट रोप गळ्यात मारलंस, मनापासून दिलंच नव्हतंस. असं का बोललो मी? ती एवढंच म्हणाली, "कॉलेज सोडलंस, तसं हेही सोड." आणि फोन ठेवला.

दुपारी गंधक फवारायचा पंप पाठीवर घेऊन गेलो, तर आमची बकरी तीच पानं चाटत होती. मी दगड उचलला. आबा खाटेवरून म्हणाले, "भुरी काय बकरी चाटस का रे? तोंडमा घाली दख."

पान जिभेला लावलं. खारट. नुसतं मीठ! मुळाशी घातलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकत होतं, आणि मी त्यावर औषध मारायला निघालो होतो.

"भुरी नव्हती, मीठ होतं. चुकलो," असं तिला लिहिलं. तासाभरानं उत्तर आलं, "कोणी शिकवलं?"

बकरीनं, असं कसं लिहायचं? तरी लिहिलंच.

दिवाळीत ती येणार आहे. बकरीला भेटायला, म्हणते.