स्टिअरिंगवरची मुकी बटणं

१ फेब्रुवारी, रविवार

जुना रेडिओ गेला! मला न विचारता.

सकाळी हे "टायरमध्ये हवा भरून आणतो" म्हणून गाडी घेऊन गेले, ते थेट दुपारी उगवले. हवा भरायला एवढा वेळ लागत नाही, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही. खाली गेले तर डॅशबोर्डच्या मधोमध हा एवढा मोठा चकाकता पडदा. हे बाजूला उभे, हात मागे बांधून, शाळेतल्या बक्षीस समारंभात उभे राहावं तसे. "कसा आहे? तुझ्यासाठी."

छान आहे म्हटलं. खरंच छान आहे. आवाज इतका स्वच्छ की गाणारा मागच्या सीटवर येऊन बसलाय असं वाटावं.

मग सवयीने स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. आवाज वाढवायचं — काही नाही. कमी करायचं — काही नाही. फोन उचलायचं — तेही नाही. सगळी बटणं मुकी. "पडद्यापुढे ही बटणं गप्पच झाली की," म्हटलं.

"हात लांब कर की," हे म्हणाले, "पडदा समोरच तर आहे."

आणि हेच ते गृहस्थ! मागच्या वर्षी मी गाणं बदलायला वाकले आणि गाडी फुटपाथवर चढून कचऱ्याच्या डब्याला भेटून आली. तेव्हापासून 'दोन्ही हात चाकावर' हा ह्यांचाच कायदा. मी शपथ घेतली होती. आता म्हणे हात लांब कर.

२ फेब्रुवारी, सोमवार

व्हायचं तेच झालं.

गाडी म्हणजे माझी आणि ठकीची बोलायची खोली आहे. हे कुणाला सांगण्यासारखं नाही म्हणून इथे लिहिते. दिवसभर लॅबमध्ये मी लोकांच्या कवळ्या घासत बसते; सुटले की गाडीत बसते, आणि वाटेत लेकीचा फोन येतो. तिकडे तिच्या कारखान्यात चहाची सुट्टी असते, तेवढीच. मी अंगठ्याने बटण दाबते, हात चाकावर, डोळे रस्त्यावर, आणि पोरगी माझ्या कानाशी.

घरी बोलता येत नाही. तिने हिशेबनिसाची जम बसलेली नोकरी सोडली आणि सुतारकाम शिकायला परगावी गेली, तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत. हे म्हणाले, "एवढं शिकून रंधा मारायचा?" ती म्हणाली, "हो, रंधाच मारायचा." झालं. दोघांचं नाक एक, ताठाही एक. घरी तिचा फोन आला की हे उठून गॅलरीत जातात आणि झाडांना पाणी घालतात. दोन कुंड्या त्यातच कुजल्या.

आज फोन आला तेव्हा मी उड्डाणपुलावर. पडद्यावर 'ठकी' अशी अक्षरं आणि पार कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. मागे ट्रक, शेजारी बस. मी सवयीने मुकं बटण दाबत राहिले, दाबत राहिले. पूल उतरून पेट्रोल पंपावर थांबेपर्यंत फोन बंद. लावला तर उचलेना — करवतीवर परत गेली असणार.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "कसा वाजतो?"

"झकास," म्हटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

आजही नाही. काल तर मी वाकून हिरव्या ठिपक्याला बोट लावलंच होतं, तर गाडी अशी डगमगली की रिक्षावाल्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

मुकाट्याने सहन करायचं ठरवलं होतं. पण रात्री जेवताना तोंडातून निघालंच. "गाणी ऐकायला मिळतात हो, पण बटणं चालत नाहीत ना."

ह्यांचा घास थांबला. "कुठली बटणं?"

"स्टिअरिंगवरची. रविवारीच सांगितलं मी."

"मला वाटलं तू कौतुक करतेयस."

लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून ह्या माणसाला माझं कौतुक आणि तक्रार वेगळी ओळखता येत नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

हे स्टिरिओवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, "काका, बाहेरचा स्टिरिओ बसवला की ती बटणं जातातच. सगळ्यांची जातात. महिनाभरात सवय होते."

हे जन्मभर जमिनी मोजायच्या खात्यात होते. हद्दीच्या दगडाशिवाय ह्यांनी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवलेला नाही. घरी आल्यावर खोक्यातलं माहितीपत्रक काढलं, चष्मा पुसला, आणि जेवणाच्या टेबलावर जी बैठक मारली ती मारलीच. मुंगीएवढी अक्षरं. मध्येच भिंग मागितलं. मी लॅबमधलं दिलं, दाढा बघायचं.

"हे बघ," ह्यांनी बोट ठेवलं, "मागच्या बाजूला दोन बारीक वायरी आहेत. बटणांसाठीच. त्या गाढवाने जोडल्याच नाहीत, चिकटपट्टी लावून गुंडाळून ठेवल्या असणार."

डोळ्यांत अशी चमक की विचारू नका. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी ह्यांच्या हद्दीत घुसलं होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

मीही सोबत गेले. स्टिरिओवाला प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल" म्हणतो, त्यामुळे मी त्याचं नावच होऊन-जाईल ठेवलंय. चार पट्ट्या उचकटून त्याने पडदा पुढे ओढला. पोटातून वायरींचा झुपका बाहेर. आणि खरंच — दोन बारीक वायरी, चिकटपट्टीत लपेटलेल्या!

ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. ते बघणं पुढचे चार दिवस पुरेल.

पण होऊन-जाईलही काही कच्चा नाही. म्हणाला, "काका, ह्या जोडल्या तरी चालणार नाहीत. तुमच्या गाडीची बटणं एक भाषा बोलतात आणि हा स्टिरिओ दुसरी. मध्ये दुभाष्या लागतो." दुभाष्या म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. ती मधे बसवायची. ती बटणाचं ऐकते आणि स्टिरिओला कळेल असं सांगते. मागवावी लागेल.

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"आधी तुम्ही विचारलं नाही."

परत येताना मी मनात हसत होते. दुभाष्याचं काम मला नवीन नाही. उन्हाळ्यापासून तेच करतेय. हे म्हणतात, "तिला म्हणावं, यंत्राजवळ बोटं सांभाळ." मी तिला सांगते, बाबा तुझ्या काळजीने झोपत नाहीत. ती म्हणते, "त्यांना सांग, गोळ्या वेळेवर घ्या म्हणावं." मी ह्यांना सांगते, तुमची आठवण काढून पोरगी रडवेली झाली होती. थोडं मीठमसाला लागतोच. मी नसते तर ह्या घराचं काय झालं असतं, देव जाणे.

११ फेब्रुवारी, बुधवार

डबी अजून आली नाही. ठकीशी पाच मिनिटं बोलले, लॅबच्या जिन्यात, दुपारी. तिला म्हटलं, तुझ्या बाबांनी हौसेने स्टिरिओ बसवला आणि आपली बोलती बंद केली. ती खो खो हसली.

"आई, त्यांना रागावू नकोस."

बघा. बापाची बाजू घेते. पाझर फुटतोय हळूहळू. हे सगळं माझ्या मीठमसाल्याचं फळ.

१४ फेब्रुवारी, शनिवार

डबी आली, बसली. होऊन-जाईल म्हणाला, "आता बटणांना शिकवायचं." पडद्यावर 'आवाज वाढव' ह्या चित्राला बोट लावायचं आणि स्टिअरिंगवरचं बटण दाबून धरायचं, टिंग वाजेपर्यंत. असं एकेक बटण. त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रांग होती, म्हणून हे म्हणाले, "मी घरी शिकवतो. मला काय, मी माणसांना शिकवलंय."

शिकवलं! मग मी गाडी काढली. आवाज वाढवायला गेले तर गाणं बदललं. गाणं बदलायला गेले तर आवाज बंद. कमीचं बटण दाबलं तर कुठलीशी वाहिनी लागली आणि एक बाई तावातावाने डास मारायचे उपाय सांगायला लागली. ती काही केल्या गप्प होईना, कारण गप्प करायचं बटण आता फोन उचलत होतं. आम्ही दोघं सिग्नलला थांबून पोट धरून हसलो. शेजारच्या गाडीतल्या माणसाने काच वर केली.

कितीतरी दिवसांनी ह्यांना असं हसताना बघितलं. चष्मा काढून डोळे पुसले.

१५ फेब्रुवारी, रविवार

हे सकाळपासून गाडीत. आधीचं सगळं शिकवलेलं पुसून टाकलं आणि पहिल्यापासून सुरुवात. मी वरून गॅलरीतून बघत होते. टिंग. थोड्या वेळाने टिंग. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "काका गाडीत काय करतायत?"

"क्लास घेतायत," म्हटलं.

चहा घेऊन खाली गेले. फोनचं बटण शेवटी ठेवलं होतं. त्यासाठी फोन गाडीला जोडावा लागतो. माझा वर चार्जिंगला होता, म्हणून ह्यांनी स्वतःचा जोडला आणि मला सांगितलं, वर जाऊन तुझ्या फोनवरून मला लाव. मी लावला. गॅलरीतून बघतेय — खाली हे चाकावर दोन्ही हात ठेवून ताठ बसलेले, जागेवरच उभ्या गाडीत. अंगठा हलला.

"हॅलो," हे म्हणाले, अगदी अनोळखी माणसाशी बोलावं तसे, "कोण बोलतंय?"

"तुमची बायको."

"हं. ऐकू येतंय. ठेव आता."

ठेव म्हणाले, पण स्वतः ठेवेनात. मीही ठेवला नाही. आम्ही तसेच — ते खाली, मी वर. मग ह्यांनी खालून हात केला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

एक डाव सुचलाय. लिहिते, म्हणजे पक्का होईल.

ठकीचा फोन रोज मी कामावरून निघाल्यावर येतो. उद्या ह्यांना लॅबवर बोलवायचं — खिडक्यांचे पडदे घ्यायचेत, रंग तुम्हीच पसंत करा, असं काहीतरी सांगून. मग येताना हे शेजारच्या सीटवर. पूल आला की फोन येणार. मी बटण दाबणार. पोरीचा आवाज सगळ्या गाडीभर! पुलावर गाडी थांबत नाही, गॅलरी नाही, कुंड्या नाहीत. उठून जाणार कुठे?

तिला काही सांगायचं नाही, नाहीतर फोनच करायची नाही. ह्यांना तर नाहीच नाही. दोघांनाही एकदम बेसावध धरायचं. रागावतील, रागावू देत. एक वाक्य जरी एकमेकांशी बोलले तरी दुभाष्या सुटला.

आमटीत दोनदा मीठ घातलं. ह्यांनी विचारलं, "बरं वाटत नाही का?" दमले, म्हटलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

पडदे घेतले. निळे. हे शेजारी बसले, पट्टा लावला, पिशवी मांडीवर. पूल चढलो आणि फोन आला. पडद्यावर 'ठकी'. मी ह्यांच्याकडे न बघता बटण दाबलं.

"बाबा," पोरगी म्हणाली, "आईला लावायच्या आधी विचारते. बटणं चालली का हो? जुन्या रेडिओत माझा आवाज तिला खरखर येतो म्हणून आपण नवीन घ्यायला गेलो आणि भलतंच होऊन बसलं. आणि तुम्ही रोज माझ्याशी बोलता ते तिला अजून कळलं नाही ना? नका सांगू इतक्यात. आपल्या दोघांना जोडायला किती धडपडते ती, हिरमुसेल बिचारी."

गाडीला पहिला फोन ह्यांचा सापडला होता, परवा बटण शिकवताना जोडलेला.

ह्यांचा हात पडद्याकडे निघाला. "राहू द्या," मी म्हटलं, आणि अंगठ्याने आवाज वाढवला.