बैठकीखालचा सांधा

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, शके १८३४

पोहोचलो! गोदागंगेच्या घाटावर उतरलो तेव्हा अर्जुनराव जहागीरदारांची नवी नाव उन्हात झळकत होती. हैदराबादेत प्रोफेसराशी भांडून कॉलेज सोडलं, पण तिथलं सायन्स कामी आलं. नावेत कार्बाईडच्या गॅसच्या बत्त्या आहेत. टाकी तळाशी, तिथून पितळी नळ्या वर जातात. सांधे गळतात, ते माझं काम. साबणाचं पाणी लावायचं, बुडबुडा येईल तिथं ताग नि सफेदा भरायचा. आधीचा मिस्तरी त्रिंबक याच तळाशी गुदमरून मेला म्हणे. नावाडी आश्रुबा हसत म्हणाला, कालेजवाले, ग्यास सुटला की लसनाचा वास येतो, आला की पळा बरं का! मला कसली भीती? मंजुळाचं गाव इथून हाकेवर. नोकरी पक्की झाली की तिच्या वडिलांपुढे उभा राहीन.

शुद्ध तृतीया

सगळे सांधे बुजवले. आश्रुबा खूश. बोलता बोलता म्हणाला, पंचमीला मालकांची नवरी याच नावेतून पल्याड जाणार. तिनं निरांजन ओवाळून गंगेची ओटी भरल्याबिगर नाव सुटत न्हाई. नवरी कोण ते विचारलं.

मंजुळा.

घाटावर सर्वांदेखत जहागीरदारांच्या कारभाऱ्याच्या अंगावर गेलो. तो म्हणाला, कावून बे, तुझी कोन लागती ती? मी सांगून टाकलं. सगळा घाट हसला. त्याच संतापात खाली उतरून नवरीच्या बैठकीखालचा सांधा पान्यानं ढिला केला. ऐनवेळी बत्ती विझावी, फजिती व्हावी, एवढंच.

शुद्ध चतुर्थी

पण बैठकीवर बसणार तीच! उजाडताच धावलो. सांधा आवळला, ताग भरला, साबण लावला. बुडबुडा आला. फुगला. फुटला नाही, आत ओढला गेला. पुन्हा फुगला. झोपलेल्या माणसाची छाती हलते तसा. नवा सांधा बसवला, तर शेजारच्यावर तेच. कार्बाईड काढून टाकला, टाकी धुऊन उलटी केली. तरी बुडबुडा.

आश्रुबाला दाखवलं. त्याचं हसू गेलं. त्रिंबकबी असंच दावायचा, म्हणाला, नळी दम घेती म्हनायचा. मग आश्रुबा वर गेला, पुन्हा खाली आला नाही.

पंचमी, सकाळ

कारभाऱ्यानं बत्ती लावून पाहिली. लख्ख पेटली. रिकाम्या टाकीवर! ओरडलो, नाव सोडू नका, विस्तव आणू नका. तो म्हणाला, पोरगी हातची गेली म्हनून डोस्कं फिरलंय याचं. खोटं कसं म्हणू? सगळ्या घाटाला मीच तर सांगितलं होतं. अर्जुनरावांनी हुकूम दिला, वऱ्हाड उतरेपर्यंत कोंडा तळाशी.

दुपार

फटीतून थोडा उजेड. वर वाजंत्री. पैंजण — तिचेच. बैठक माझ्या डोक्यावर.

लसणाचा वास. मघाशी होता. आता येत नाही — का येत नाही —

साबण संपला. थुंकी लावतो. प्रत्येक सांध्यावर बुडबुडा. सगळे एकदम फुगतात, एकदम बसतात. माझा श्वासही त्यांच्याबरोबरच —

ओरडतो. वाजंत्र्यांत कुणाला —

थांबली वाजंत्री. निरांजन आणा म्हणतायत. फळीवर पाना आपटला. ऐकलं तिनं! विचारतेय, खाली कोन हाय? कारभारी हसतोय. उंदीर हाय, बाईसाब, म्हणतोय.

कुणीतरी काडी दिली तिच्या —

मंजुळा, नको ओढू, नको ओ