चालण्याच्या वेगाने

गुरुवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

आधी कान पकडते, मग नमस्कार. उन्हाळ्यापासून तुला पत्र नाही. दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा हवापाण्याच्या पुढे सरकले नाही. फोनवर आपण बोलतो, पण ते बोलणं कसलं? तू विचारणार 'जेवलीस का', मी विचारणार 'गुडघा कसा आहे', तू म्हणणार 'आहे जागेवर'. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. रागावू नकोस, लहानपणापासून देत नाहीस. आज मला काही वाक्यं पुरी करायची आहेत, म्हणून कागद घेतला. हे कुरियरने पाठवते आहे, शनिवारी सकाळी मिळेल. मिळाल्या मिळाल्या वाच. सवडीने वाचू म्हणून फ्रिजवर ठेवू नकोस.

इकडे सगळं ठीक. प्रयोगशाळेत नवे साहेब आले आहेत. इतरांचे दाबमापक खरं सांगतात की नाही हे तपासून शिक्का मारायचा, एवढंच आमचं काम, पण त्यांना ते झटपट हवं असतं. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतो आहे. तुझं सहा फुटी पिल्लू माझ्याकडे ठणठणीत आहे. वर्कशॉपमधून आल्यावर हात धुतो म्हणतो, पण आमच्या टॉवेलला विचारलंस तर तो वेगळं सांगेल. केस कापायला अजून राजी नाही.

गाडीचं तू दर वेळी विचारतेस आणि मी दर वेळी 'चाललंय काम' म्हणून विषय बदलते. आज बदलणार नाही.

ती निळी गाडी तुझ्या अंगणात ताडपत्रीखाली होती तेव्हा तिचा मालक कोण, हे आपण कधी बोललो नाही. 'घेऊन जा एकदाची' म्हणून तू त्याला किल्ली दिलीस, तेव्हाही नाही. इथे आणल्यावर त्याने इंजिन पार बदललं. टर्बो बसवला, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर घातले, व्हॉल्व्ह उघडझाप करणारा शर्यतीचा कॅम घातला. मोकळ्या रस्त्यावर गाडी अशी सुटते, की मी सीट घट्ट धरून बसते आणि तो हसतो. तुला वाटतं तो शर्यतीची तयारी करतोय. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

पण वेगाची त्याला फिकीरच नव्हती. गाडी हळू चालत नाही, हे त्याचं दुखणं होतं. बाजारात पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये ती हिसके द्यायची, क्लच दाबला की बंद पडायची. चौकात उभी राहिली की इंजिन दम लागल्यासारखं वरखाली व्हायचं. त्याचे वर्कशॉपवाले मालक म्हणाले, "अरे, पैलवानाला सुईत दोरा ओवायला लावतोयस. शर्यतीचं इंजिन असंच असतं. सोड नाद." याने नाद सोडला नाही. इंजिनाचा कॉम्प्युटर लॅपटॉपला जोडून आकडे बदलायचं काम मी अंगावर घेतलं, कारण आकड्यांशी माझं बरं जमतं. रोज संध्याकाळी तो चालवणार, मी शेजारी बसून पडदा बघणार. खरं सांगते ताई, मला ते दिवस आवडत होते. संध्याकाळी कुणीतरी माझी वाट बघत असायचं.

ऑगस्टमध्ये मी विचारलं, "तुला हळू चालवायची एवढी काय घाई आहे रे?"

त्याने पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाला, "माऊ, त्यांच्या गल्लीत चढ आहे. आणि बोळ आहे. तिथे गाडी चालण्याच्याच वेगाने न्यावी लागते."

'त्यांच्या' म्हणजे कोणाच्या, हे तुला कळलं असेल. मी इथे 'भावोजी' लिहायला घेतलं होतं आणि हात थांबला. पत्ता त्याने स्वतः शोधला. मी दिलेला नाही, माझ्याकडे नव्हता. जूनमध्ये तो तिथे बसने जाऊनही आला. कोपऱ्यापर्यंत गेला, फाटक बघितलं आणि परत फिरला. म्हणाला, "बसमधून उतरून हात हलवत काय जायचं? त्यांची गाडी घेऊन जाईन. पण फाटकासमोर हिसके खात बंद पडली ना, तर ते खिडकीतून बघतील आणि हसतील."

ते हसणं तुला माहीत आहे. त्याची सायकल पडली, पतंग फाटला, वाचताना शब्द अडला, की यायचं ते. मी मनात एक गणित मांडलं, आणि ते फार सोपं होतं: गाडी हळू चालत नाही तोवर हा जात नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते.

गेल्या आठवड्यात मंगळवारी त्याने इंजिनाचे प्लग काढून ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवले होते. चहा करताना माझं लक्ष गेलं. चारही प्लग काजळीने काळेकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त होत होतं. आणि पडदा तर महिनोन्‌महिने सांगत होता, की पेट्रोल कमी पडतंय, आणखी द्या. उपाशी माणसाच्या ओठांना तूप कसं लागलेलं असेल? मी गॅस बंद केला आणि उभ्या उभ्या विचार केला. त्या शर्यतीच्या कॅममुळे इंजिन हळू फिरताना आत घेणारे आणि बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदमच उघडे राहतात. थोडी ताजी हवा न जळताच सायलेन्सरकडे निसटते. तिथे बसलेल्या सेन्सरला ती हवा दिसते. त्याला वाटतं पेट्रोल कमी आहे, तो तसं कळवतो, कॉम्प्युटर आणखी पेट्रोल ओततो आणि इंजिन गुदमरतं. वेगात हा घोटाळा होत नाही, म्हणून तिथे सगळं छान. उपाय साधा होता. कमी वेगात सेन्सरचं ऐकायचंच नाही, आकडे हाताने भरायचे. दुसऱ्यांच्या यंत्रांवर शिक्के मारणाऱ्या मला हे सुचायला इतके महिने लागले, ही लाज वेगळी.

पण सुचल्यावर मी काय केलं? प्लग वर्तमानपत्रात गुंडाळून बाजूला ठेवले आणि त्याला म्हटलं, "चहा घे, गार होतोय."

शनिवारपर्यंत मी बोलले नाही. स्वतःला सांगत राहिले, की आधी खात्री करू, घाईने चुकीचं सांगायला नको. खात्री मला मंगळवारीच होती. तो जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. त्याला तिथून हाकलून दिलं तर, ही भीती खरी. पण त्याला तिथे बसवून घेतलं तर, हीही होती, आणि कोणती मोठी होती हे मला अजून नीट सांगता येत नाही.

शनिवारी संध्याकाळी आम्ही बाजारातल्या चढावरून चौकात वळत होतो. गाडीने दोन हिसके दिले आणि ऐन मध्यावर मेली. त्याने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं खाकरलं, पेट्रोलचा वास डोळ्यांना झोंबला. वरून एक ट्रक उतरत होता. हॉर्न, मग ब्रेकची किंकाळी. ताई, तो ट्रक त्याच्या दाराच्या बाजूने आला, माझ्या नाही. त्याच्या काचेत मला नुसता ट्रकचा बंपर दिसत होता, रस्ता दिसत नव्हता. मी त्याची बाही धरून ओढत होते आणि तो पट्ट्यात अडकलेला होता. ट्रक थांबला तेव्हा मध्ये हात घालायला जागा नव्हती.

वरून ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "काय राव, नुसती दाखवायला घेतलीय का गाडी? आजीबाई, उतरा की, लावा जरा धक्का!"

एरवी त्या 'आजीबाई'वरून मी आठवडाभर धुसफुसले असते. तेव्हा उतरले आणि धक्का लावला. गाडी कडेला घेऊन आम्ही आत बसलो.

"सेन्सर खोटं सांगतोय," मी म्हणाले. "पेट्रोल कमी नाहीये, जास्त होतंय. कॅममुळे."

त्याने दोन क्षणांत समजून घेतलं. चेहरा उजळला. मग म्हणाला, "हे आत्ता सुचलं तुला?"

"नाही."

"मग?"

"मंगळवारी."

तो 'का' विचारेल म्हणून मी मनातल्या मनात उत्तर जुळवत होते. त्याने विचारलंच नाही. स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "मी जायला नकोय, असं सरळ सांगायचं होतंस, माऊ. मी भांडलो असतो. पण गाडीला कशाला मध्ये घातलंस?"

मी लॅपटॉप मिटून मागच्या सीटवर ठेवला.

रविवारी आम्ही आकडे भरले. पहिल्यांदा चालू केली तर इंजिन घोंघावायलाच लागलं. ब्रेक दाबूनही गाडी पुढे ढकलत होती. मी खाली मान घालून म्हटलं, "ती बंद पडू नये म्हणून उभी असतानाची हवा मी हळूच वाढवून ठेवली होती. तुला वैताग नको म्हणून बोलले नाही." तो बॉनेटखाली वाकून म्हणाला, "मीपण इथला हवेचा स्क्रू पिळून ठेवलाय. तुझ्या आकड्यांना नावं ठेवल्यासारखं वाटेल म्हणून बोललो नाही." सकाळपासून पहिल्यांदा आम्ही हसलो. एकमेकांना सांभाळून घेत दोघांनी मिळून गाडीचा पार विचका केला होता.

दोन्ही मागे घेतलं. कालपर्यंत थोडं थोडं जुळवत गेलो. काल संध्याकाळी गोदामांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर त्याने पहिला गियर टाकला, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, आणि मी खिडकीच्या कडेवर हात ठेवून गाडीच्या बाजूने चालत गेले. एक हिसका नाही. चढावर नाही, वळणावर नाही. मी थांबले की ती थांबायची, चालले की निघायची. तो समोर बघत होता आणि त्याचा चेहरा ते घरात होते तेव्हासारखा, नऊ वर्षांचा झाला होता.

परत येताना म्हणाला, "रविवारी सकाळी निघतो. आईला सांगायचं नाही, हं?"

मी "हं" म्हणाले.

रात्रभर त्या 'हं'चा कीस काढला. ते 'हो' नव्हतं. 'ऐकलं' एवढंच होतं. पण त्याने 'हो' ऐकलं आणि मी त्याला ते ऐकू दिलं. शब्दाच्या आडोशाला उभं राहून मी पुन्हा मंगळवारचंच करत होते, या वेळी तुझ्याशी. तुला न सांगता तो गेला आणि मग तुला कळलं, तर तुझा मुलगा आणि तुझी बहीण एकाच दिवशी तुझ्यापासून लांब जातील.

म्हणून हे लिहिलं. तुझा फोन आला तर तो थांबेल, हे मला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे, म्हणूनच तुला कळू द्यायचं नव्हतं. शनिवारचा अख्खा दिवस तुझ्या हातात आहे. मला विचारशील, आणि विचारायला हवंस असं नाही, तर जाऊ दे त्याला. फाटक उघडलं नाही तर तो परत येईल आणि आपण दोघी असू. उघडलं तरी परत येईल, असं मला वाटतं. खात्री आहे असं लिहिणार नाही, तशी खोटी खात्री नको आता. पण अडवायचं असेल तर तू तोंडाने अडव. माझ्यासारखं गाडीआडून नको.

माझा राग आला तर फोनवर ये आणि बोल. मी वाक्य मध्येच तोडणार नाही.

तुझीच, कशीही असले तरी,
धाकटी

ता. क. माझ्या उद्याच्या यादीत पहिलं काम: तो कामावर निघण्याआधी त्याला सांगणे, की आईला कळवलं आहे.